जुनी द्या, नवी न्या. पण नाव कोणाचे राहते?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दसऱ्याच्या तोंडावर नवी गाडी घेणाऱ्यांना यापेक्षा चांगली बातमी कोणती असणार? पण जुनी मोटरसायकल देऊन नवी घेऊ पाहणाऱ्यांना या बातमीची दुसरी बाजूही पाहावी लागली. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या किमतीकडे बघूनच ठरतो. कराआधी १०० रुपयांची असलेली गाडी १२८ ला पडायची, ती ११८ ला पडू लागली, म्हणजे जवळपास ८ टक्के उतार. जुनीचा भावही त्याच वाटेने खाली येणार हे उघड होते.

यात नुकसान कोणाचे झाले? समजा, नवी गाडी १ लाख २० हजारांची होती आणि जुनीचे ४० हजार येत होते, म्हणजे खिशातून ८० हजार जाणार होते. दोन्ही किमती ८ टक्क्यांनी उतरल्या की नवी १ लाख १० हजार ४०० ची आणि जुनी ३६ हजार ८०० ची होते. खिशातून जातात ७३ हजार ६००. जुनीचे ३,२०० कमी मिळाले म्हणून जो हळहळतो, त्याचे प्रत्यक्षात ६,४०० रुपये वाचलेले असतात. ज्याला नुसती जुनी विकायची होती त्याला मात्र फटका बसला. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांचे उलटे झाले. त्यांच्यावर २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के उपकर होता, तो सरळ ४० टक्के झाला. नवी महागल्यामुळे जुन्या दणकट गाड्यांच्या भावाला टेकू मिळाला.

एक्स्चेंजचे निम्मे शास्त्र या एवढ्या हिशेबात आले. जुनीचे किती आले हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. जुनी देऊन वर किती द्यायचे, हा खरा प्रश्न. उरलेले निम्मे शास्त्र मात्र पैशांचे नाही. जुनी गाडी तुमच्या नावावरून कधी उतरणार, याचे आहे. शोरूममध्ये तासन्तास घासाघीस होते ती पहिल्या गोष्टीवर, आणि माझ्या मते मोठा धोका असतो तो दुसऱ्या गोष्टीत.

एक काळ असा होता की आपल्याकडे हा विषयच नव्हता. परवानाराजात स्कूटर मिळणे हीच मिळकत होती. विक्रीवर १९६० च्या स्कूटर वितरण व विक्री नियंत्रण आदेशाचे बंधन होते. आकुर्डीच्या बजाज चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत, आणि नंबर लागलेल्याची वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या छापील किमतीहून जास्तीने जाई. अशा बाजारात विक्रेता तुमची जुनी गाडी कशाला विकत घेईल? १९८५ च्या सुमारास हीरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १०० अशा जपानी बनावटीच्या हलक्या मोटरसायकली आल्या, १९९० च्या दशकात परवाने सुटले, २००१ मध्ये पल्सर आली आणि बाजार पालटला. रांग गिऱ्हाइकांची होती, ती गाड्यांची झाली. ज्याच्या दारात आधीच एक गाडी आहे त्यालाच दुसरी विकायची वेळ आली, तेव्हा जुनी परत घेणे हा विक्रीचाच भाग झाला.

सरकारी निर्णयांचा या भावांशी किती जवळचा संबंध असतो, ते मार्च २०१७ च्या अखेरीस लख्ख दिसले होते. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या वाहनांच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा देशभरात सहा लाखांवर दुचाकी विक्रीविना पडून होत्या. शेवटच्या दोन-तीन दिवसांत शोरूमनी हजारोंच्या सवलती देऊन त्या काढल्या. त्या दिवसांत वर्षभर वापरलेली गाडी विकायला निघालेल्याने काय भाव मागायचा? पलीकडे कोरी गाडी जवळजवळ तेवढ्यालाच मिळत होती. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आले तेव्हा उलटे घडले. फ्युएल इंजेक्शन आणि नव्या सायलेन्सरमुळे नव्या गाड्या महागल्या आणि बीएस-४ च्या चांगल्या राखलेल्या गाड्यांना मागणी राहिली. भाव गाडीच्या तब्येतीवर ठरतो हे खरे, पण त्या आठवड्यात नवी गाडी कितीला मिळते यावर तो त्याहून जास्त ठरतो.

आता शोरूमच्या काउंटरपलीकडे काय चालते ते पाहू. नव्या दुचाकीवर विक्रेत्याला सुटणारा नफा फार मोठा नसतो. विमा, कर्ज, अॅक्सेसरीज आणि पुढच्या सर्व्हिसिंगमधून तो भरून काढला जातो. जुनी गाडी स्वतः ठेवून विकण्याइतकी जागा आणि माणसे फार थोड्या शोरूमकडे असतात. म्हणून तुमची गाडी बघायला येणारा तरुण शोरूमचा नोकर असेलच असे नाही. पुष्कळदा तो जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याचा माणूस असतो, किंवा तुमच्या गाडीचे फोटो तीन-चार व्यापाऱ्यांना व्हॉट्सअॅपवर जातात आणि ज्याचा आकडा चढता त्यातून थोडा कापून तुम्हाला सांगितला जातो. यात वाईट काही नाही. पण समोर बसलेला सेल्समन तुमच्या जुन्या गाडीचा खरा खरेदीदार नाही, हे मात्र डोक्यात पक्के असावे. पुढे कागदांचा विषय येईल तेव्हा हेच कामाला येते.

गाडी बघणारा मुरलेला असेल तर त्याची तपासणी पाच मिनिटांत उरकते आणि ती बघण्यासारखी असते. गाडीजवळ येताच तो आधी इंजिनाला हात लावतो. इंजिन गरम असले तर त्याला शंका येते की थंड असताना गाडी चालू होत नसावी. मग सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवतो. कोरडी काजळी निघाली तर ठीक, बोट तेलकट काळे झाले तर इंजिन ऑइल जाळते आहे, म्हणजे रिंग-पिस्टनचे काम जवळ आले. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवतो, कोन सेट ढिला असेल तर खट् असा हादरा हाताला लागतो. फोर्कच्या नळ्यांवरून बोट ओढून ऑइल सील गळते का ते पाहतो. फूटरेस्टचे टोक, लेगगार्ड, क्लच कव्हरची कड आणि आरशाची मागची बाजू घासलेली असली की गाडी कोणत्या अंगावर पडली ते त्याला कळते. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासतो आणि उमटलेला आकडा आरसी बुकाशी ताडतो. शेवटी मोबाइलवर गाडीचा नंबर टाकतो. किती मालक झाले, विमा कधीपर्यंत आहे, बँकेचे नाव चढलेले आहे का, चलाने किती थकली आहेत, सगळे समोर येते.

किलोमीटरच्या काट्याकडे तो सर्वांत शेवटी पाहतो, कारण काट्यावर त्याचा विश्वास नसतो. रबरी ग्रिप, ब्रेकचे पेडल, सीटचे कव्हर किती झिजले आहे यावरून तो गाडीचे वय ताडतो. म्हणून सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाइल नेली तर तिचा खरा उपयोग होतो. त्या पावत्यांवर तारखेसह किलोमीटर लिहिलेले असतात, आणि तुमचा काटा खरा असल्याचा दुसरा कुठलाही पुरावा तुमच्याकडे नसतो. दुसरी चावीही न्यावी, ती नसली की हमखास कापाकापी होते. गाडी स्वच्छ धुवावी, पीयूसी काढून घ्यावे, बॅटरी मेलेली असेल तर बदलावी. एवढे पुरे. एक्स्चेंजला देण्याआधी इंजिनाचे काम काढणे किंवा नवे टायर चढवणे यात पैसे घालू नयेत. तो खर्च व्यापाऱ्याला तुमच्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात पडतो, आणि तुम्ही घातलेले पाच हजार भावात पाच हजारांनी परत येत नाहीत.

घरी बसूनही बरेच करता येते. कर्ज फिटून वर्षे झाली तरी आरसीवर बँकेचे नाव तसेच राहिलेले असते, ही आपल्याकडची सर्रास दिसणारी गोष्ट. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते आधीच उतरवावे, नाहीतर शोरूममध्ये त्या एका नावावर हजार-दोन हजार जातात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट हवी. महाराष्ट्रात दुचाकीसाठी तिचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी असा ठरलेला आहे, आणि ती नसली की आरटीओतले पुढचे काम अडू शकते. आणखी एक प्रकार घराघरांत असतो. गाडी वडिलांच्या नावावर, वडील गेले आणि मुलगा ती तशीच वापरतो आहे. मोटार वाहन कायद्यानुसार वारसाने तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, त्यासाठी फॉर्म ३१ आहे. ते न करता शोरूमला गेलात तर तिथला माणूस खांदे उडवून सांगेल की चालतंय, देऊन टाका. त्याचे चालते. तुमचे चालत नाही.

आता बोलणी. सेल्समन पहिला प्रश्न विचारतो, ‘दादा, जुनीचे किती धरलेत मनात?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे नसते. आकडा सांगितला की तो देण्याची सोय नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये केली जाते. उदाहरणादाखल एकाच गाडीचे दोन शोरूमचे हिशेब घेऊ. पहिला शोरूम जुनीचे ३० हजार आणि वर ३ हजार एक्स्चेंज बोनस देतो, ऑन-रोड किंमत सांगतो १ लाख १८ हजार ५००. दुसरा जुनीचे २६ हजार आणि बोनस २ हजार देतो, ऑन-रोड सांगतो १ लाख ११ हजार. पहिल्यात तुम्ही वर ८५ हजार ५०० देता, दुसऱ्यात ८३ हजार. जुनीचे चार हजार कमी देणारा अडीच हजारांनी स्वस्त पडला. पहिल्याने साडेसात हजार कुठे घातले? अॅक्सेसरीज किट, हँडलिंग चार्ज आणि शोरूमच्याच पसंतीचा महागडा विमा यांत. म्हणून आधी जुनीचे नावही न काढता नवीचे लेखी कोटेशन घ्यावे, ओळीओळीने. एक्स-शोरूम, रस्ता कर, नोंदणी, विमा आणि बाकीचे जे काही असेल ते. मगच जुनीकडे वळावे.

त्या कोटेशनमधल्या काही ओळींवर मला खरोखर राग येतो. हेल्मेट ‘फ्री’ म्हणून दिले जाते किंवा त्याचे पैसे लावले जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १३८ नुसार दुचाकीच्या खरेदीवेळी आयएसआय मार्कचे हेल्मेट पुरवणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. साडी गार्ड, मागच्याला धरायची कडी आणि फूटरेस्ट यांचे तेच. नियम १२३ ने ती उत्पादकावरच बंधनकारक केली आहेत, आणि तरीही साडी गार्ड अॅक्सेसरीजच्या यादीत किंमत लावून येते. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्ज ही सरकारी फी नव्हे. ती कोणत्या नियमाने लावली, हे शांतपणे आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारले की बऱ्याच ठिकाणी गळून पडते. जुनीच्या भावात दोन हजारांसाठी हुज्जत घालणारा माणूस या ओळींखाली मुकाट सही करतो, याचे फार वाईट वाटते.

विम्यातही हक्काचे पैसे असतात. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. क्लेम न घेता पाच वर्षे झाली तर स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले की तीन वर्षांच्या आत तो नव्या गाडीला लावता येतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर त्यातून काही शे रुपयेच सुटतील, मोठ्या गाडीवर रक्कम बरी होते. आणि शोरूम स्वतःहून याची आठवण करून देईल, ही आशा धरू नये.

कर्ज घेणार असाल तर सेल्समन हळूच विषय हप्त्यावर नेतो. महिन्याला फक्त एवढेच, असे म्हटले की जुनीचा भाव, नवीची किंमत, व्याज सगळे एका आकड्यात विरघळते. ८० हजारांचे कर्ज तीन वर्षांसाठी १० टक्के ‘फ्लॅट’ने घेतले तर व्याज २४ हजार आणि हप्ता सुमारे २,८८९. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, हे धरून मोजले तर तोच दर १८ टक्क्यांच्या घरात जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्यांना सगळा खर्च धरून वार्षिक दर सांगणारे एक पत्रक ग्राहकाला द्यावे लागते. ते मागून घ्यावे. अमेरिकेतल्या डीलरकडे हा खेळ ‘फोर स्क्वेअर’ नावाच्या चार चौकटींच्या कागदावर चालतो. एका चौकटीत जुनीचा भाव, दुसरीत नवीची किंमत, तिसरीत आधी भरायची रक्कम आणि चौथीत हप्ता. एका चौकटीत दिलेले दुसरीतून काढून घेतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना तो कागद ओळखीचा असेल.

अमेरिकेचा उल्लेख आणखी एका कारणाने करायला हवा. टेक्साससारख्या राज्यात वाहनावरचा ६.२५ टक्के विक्रीकर जुनीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो. त्यामुळे तिथे जुनी बाहेर विकण्यापेक्षा डीलरला देण्यात थेट कर वाचतो. कॅलिफोर्नियात तसे नाही, आणि आपल्याकडेही नाही. जीएसटीच्या मूल्यांकन नियमांतल्या नियम २७ मध्ये उदाहरणच दिले आहे. जुना फोन देऊन नवा २० हजारांना घेतला आणि एक्स्चेंज न करता तो २४ हजारांना मिळत असेल, तर कर २४ हजारांवरच. म्हणजे आपल्या शोरूममध्ये जुनी दिल्याने कराचा एक रुपयाही वाचत नाही. वाचतो तो वेळ आणि त्रास. कोणी ‘टॅक्समध्ये फायदा’ म्हणाले तर तो मुद्दा तिथेच सोडून द्यावा.

जुनी शोरूमला न देता स्वतः विकली तर जास्त मिळतात, यात शंका नाही. गावातल्या ओळखीच्या माणसाला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला, ओएलएक्ससारख्या ठिकाणी जाहिरात देऊन विकणाऱ्याला चार-सहा हजार, चांगल्या गाडीला त्याहूनही जास्त सुटू शकतात. स्प्लेंडर, अॅक्टिव्हासारख्या गाड्यांना तर गिऱ्हाईक शोधावेच लागत नाही. यामाहाची आरएक्स १००, जिचे उत्पादन १९९६ च्या सुमारास थांबले, ती घरात असेल तर कोणत्याही शोरूमच्या दारात नेऊ नका. तिचा भाव शौकीन ठरवतात, व्यापारी नव्हे. विजेच्या जुन्या स्कूटरचे मात्र उलटे. बॅटरीची उरलेली ताकद बाहेरून दिसत नाही, म्हणून व्यापारी भाव पाडूनच मागतो. कंपनीच्या वॉरंटीत किती वर्षे उरली, हाच तिथे बोलण्याचा मुद्दा. काही कंपन्यांनी जुन्या गाड्यांचा व्यवसाय स्वतःच्या नावाने सुरू केला आहे. रॉयल एन्फील्डने २०२३ च्या अखेरीस ‘रीओन’ आणले. भाव तिथेही बाहेरच्या थेट विक्रीपेक्षा कमीच येईल, पण व्यवहाराला एक जबाबदार नाव असते.

दुकानदाराने कमी भाव देणे यात मला अन्याय दिसत नाही. त्याला गाडी दुरुस्त करायची आहे, ठेवायची आहे, गिऱ्हाईक शोधायचे आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, तो आधी दुचाकीवर १२ टक्के होता. या सगळ्याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळायला हवे? अनोळखी माणसांचे फोन नकोत, ट्रायलला दिलेली गाडी परत येईल का ही धाकधूक नको, आणि मुख्य म्हणजे गाडी आपल्या नावावरून उतरली की नाही याची चिंता नको. थेट विक्रीत मिळाले असते ते चार-सहा हजार तुम्ही या निश्चिंतीसाठी सोडता. शोरूम ती देत नसेल तर भावातली ती तूट सोसायचे काहीच कारण उरत नाही. माझे सगळे म्हणणे याच एका जागी येऊन थांबते.

आणि नेमके तेच बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. प्रत्यक्षात होते ते असे. नव्या गाडीचा हार, पेढे, फोटो चाललेला असतो. त्या गडबडीत एक जण मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० पुढे सरकवतो. ‘काका, इथे, इथे आणि इथे.’ खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी, तारखेची जागा कोरी. तुम्ही सह्या करता, आधारची प्रत देता, चावी देता. गाडी संध्याकाळी व्यापाऱ्याकडे जाते, तिथून दुसऱ्या तालुक्यातल्या व्यापाऱ्याकडे. कोरे फॉर्म गाडीसोबत फिरतात. टीटी, म्हणजे आरसीवरचे नाव बदलण्याची नोंद, शेवटच्या गिऱ्हाइकाने करायची असते आणि त्याला घाई नसते. गाडी तीन हातांतून गेली तरी आरसीवर नाव तुमचेच. सिग्नल तोडल्याचे चलान तुमच्या मोबाइलवर येते आणि तेव्हा कुठे आठवते की आपण ही गाडी दिली होती.

चलानावर भागले तर नशीब. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार गाडी राज्यातच दिली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. कायद्यातली मालकाची व्याख्या नोंदणीवरच्या नावाला धरून आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी २००७ मध्येच विकली गेली होती, मधे तिचे हात बदलत गेले आणि २००९ मध्ये अपघात झाला. नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. अपघातग्रस्ताने खऱ्या मालकाच्या शोधात हात बदलत गेलेल्या लोकांच्या मागे धावायचे नसते, हे त्यामागचे तत्त्व, आणि ते योग्यच आहे. रस्त्यावर जखमी झालेल्याची यात काय चूक? पण याचा अर्थ असा, की तुम्ही दिलेल्या गाडीचा विमा पुढच्या माणसाने भरला नाही आणि तिने कोणाला उडवले, तर न्यायाधिकरणाची नोटीस तुमच्या घरी येऊ शकते. पंचवीस हजारांच्या गाडीपायी लाखांचा दावा.

यावर तोड निघालेली आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकृत होता येते. अशा अधिकृत व्यापाऱ्याला गाडी देताना फॉर्म २९सी मध्ये पोर्टलवर तशी सूचना द्यायची असते. ती झाली की गाडी पुढे विकली जाईपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तो व्यापारी धरला जातो. चलान त्याचे, अपघात त्याचा, कागद पुरे करायची जबाबदारीही त्याची. ती गाडी त्याने रस्त्यावर कशासाठी आणायची यालाही मर्यादा आहेत, ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम अशा कामांपुरतीच, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. व्यवस्था चांगली आहे. पण अधिकृत व्यापाऱ्याने मधे यायचे की नाही हे गिऱ्हाइकाच्या मागणीवर सुटले आहे, आणि गिऱ्हाईक विचारतच नाही. ‘तुमचा जुन्या गाड्यांचा व्यापारी अधिकृत आहे का, फॉर्म २९सी माझ्यासमोर भरणार का?’ एवढे वाक्य नवीच्या रंगाची चौकशी करताना जोडून विचारायला काय हरकत आहे?

उत्तर ‘नाही’ आले तर निदान पुढची तजवीज करता येते. शोरूमच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. त्या वेळेनंतरच्या चलानाची आणि अपघाताची जबाबदारी त्यांची, हे त्यातच असावे. फॉर्मवर ज्याच्या नावे गाडी जाणार त्याचे नाव भरून, त्याच्या ओळखपत्राची प्रत घेऊनच सही करावी. कलम ५० खालची सूचना आरटीओला १४ दिवसांत आपण स्वतः द्यावी, पोच जपून ठेवावी. एक्स्चेंजच्या रकमेतले दोन-तीन हजार टीटी होईपर्यंत शोरूमकडे अनामत राहू द्या आणि झाल्यावर परत घ्या, असे काही ठिकाणी सुचवले जाते. मला हे उलटे वाटते. अनामत त्यांनी तुमच्याकडे ठेवायला हवी, कारण काम त्यांचे राहिले आहे. महिनाभराने वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालकाचे नाव बदलले का ते बघावे. शोरूम टोलवाटोलवी करू लागला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइनही जाता येते. लेटरहेडवरचा तो कागद तिथे उपयोगी पडतो.

वेळ निवडण्याबद्दल थोडे. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी गाडी घरी आणायची असेल तर आणा, पण बोलणी त्या आठवड्यात करू नका. दारात गर्दी असताना कोणी भाव सोडत नाही. पितृपक्षात शोरूम ओस असतो, महिनाअखेरीला टार्गेट अपुरे असते, तेव्हा बोलणी करून कोटेशन लिहून घ्यावे आणि गाडी सणाला न्यावी. डिसेंबरमध्ये सरत्या वर्षाच्या बनावटीच्या गाड्यांवर सूट मिळते, पण एक ध्यानात असू द्या: पुढे तुम्ही ती विकायला काढाल तेव्हा ती एका वर्षाने जुनी धरली जाईल. जी माणसे गाडी दहा वर्षे वापरतात त्यांना याने फरक पडत नाही. तीन वर्षांनी बदलणाऱ्यांना पडतो.

पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीचा विचार निराळा करावा लागतो. नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि दुरुस्ती धरली की शोरूम तिचे जेमतेम भंगाराचे पैसे सांगतो. अशी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात दिली तर जमा प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या गाडीच्या रस्ता करात सवलत मागता येते. केंद्राच्या नियमांत खासगी वाहनांसाठी २५ टक्क्यांपर्यंतची तरतूद आहे, प्रत्यक्ष प्रमाण राज्याराज्यांत वेगळे. शिवाय तिथे नोंदणीच रद्द होते, म्हणजे ती गाडी तुमच्या नावाने पुन्हा रस्त्यावर यायचा प्रश्न मिटतो. शोरूममधून पाच-सात हजारांना गेलेली म्हातारी गाडी मात्र कुठल्यातरी वीटभट्टीवर, विम्याशिवाय, तुमच्याच नावाने धावत राहू शकते.

तेव्हा जुनी गाडी घेऊन शोरूमला जाणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: भावात हजार-दोन हजार कमी आले तर येऊ द्या. पण फॉर्म २९ वर खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी असेल तर सही करू नका, आणि कागद पुरे होईपर्यंत चावी हातातून सोडू नका.